तिरळेपणा: चष्मा, इंजेक्शन की ऑपरेशन?

तिरळा डोळा भाग्याचा मानून वाट बघत बसलं की लहान मुलाची मोलाची वर्षं हातची जातात. बाळ सहा महिन्यांचं झालं तरी डोळा वळत असेल, तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे.

आधी चष्मा. मुलाचा प्लस नंबर जास्त असला की नीट दिसावं म्हणून जोर लावताना डोळा नाकाकडे वळतो. पूर्ण नंबरचा चष्मा दिवसभर लावला की बऱ्याच मुलांचा डोळा सरळ राहतो, काढला की पुन्हा वळतो. मग आईबाबा म्हणतात, ऑपरेशन करून चष्माच घालवू या. तसं होत नसतं. चष्मा लावूनही जो तिरळेपणा उरतो, सर्जन साधारण तेवढ्याचाच हिशेब धरतात.

इंजेक्शन म्हणजे बोटॉक्स. सुरकुत्यांमुळे गाजलं, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी पुढे आणलं आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कापाकापी नाही, पण औषधाचा असर साधारण तीन महिन्यांत ओसरतो आणि मधल्या काळात पापणी खाली येऊ शकते. तिरळेपणा थोडा किंवा ताजा असेल तर विचार करावा. जुन्या, मोठ्या तिरळेपणासाठी मी यावर पैसे घालणार नाही.

ऑपरेशनात डोळा बाहेर काढतात, ही भीती अजून ऐकू येते. साफ खोटं. बुबुळाच्या बाजूचा पातळ पडदा थोडा उघडतात आणि डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एखादा मागे सरकवून सैल करतात, नाहीतर आखडून घट्ट. सगळा खेळ मिलिमीटरचा. मुलांना पूर्ण भूल लागते. मोठ्यांत काही सर्जन टाक्याला सरकती गाठ ठेवतात आणि पेशंट शुद्धीवर आला की नजर तपासून ती कमी-जास्त करतात. ही सोय आहे का, हे मोठ्या माणसाने जरूर विचारावं. लाली काही आठवडे राहते, सुरुवातीला एकाचे दोन दिसू शकतात आणि काहींना पुढे दुसरं ऑपरेशनही लागतं.

ऑपरेशनने आळशी डोळ्याची, म्हणजे लहानपणी नीट न वापरल्याने नजर कमी राहिलेल्या डोळ्याची, नजर मात्र वाढत नाही. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी, तीही लहानपणीच. डोळा सरळ करायला चाळिशीतही उशीर झालेला नसतो.

मधुमेह्याला अचानक दोन-दोन दिसू लागलं तर आधी तपासणी, तीही तातडीने. डोळा फिरवणाऱ्या स्नायूची नस लुळी पडली असेल तर ती बहुधा काही महिन्यांत आपोआप सावरते. तोवर चष्म्यावर चिकटवायची प्रिझमची (प्रकाश वळवून दोनाचं एक दाखवणारी) पट्टी पुरते.