‘पंच’ या एका शब्दावरून पारखलेला कोश : ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हे संकेतस्थळ मी भाषांतराच्या कामासाठी अनेक वर्षे जवळजवळ रोज उघडत आलो आहे. ते मोफत वाचता येते आणि पेनसिल्व्हेनियातील डग्लस हार्पर यांनी ते बहुतांशी एकहाती उभे केले आहे. कोशाची पारख करायची तर एखादा अनेकार्थी शब्द हाती घेऊन तो मुळापर्यंत तपासावा, असे माझे मत असल्यामुळे येथे इंग्रजीतला ‘पंच’ (punch) हा एकच शब्द घेतो.

आमच्या शाळेतल्या इंग्रजी-मराठी कोशात या शब्दापुढे ठोसा, भोक पाडण्याचे हत्यार, एक मद्ययुक्त पेय आणि विदूषकी बाहुले हे अर्थ एकाच ओळीत स्वल्पविरामांनी जोडलेले होते. त्यामुळे एका शब्दाला इतके दूरचे अर्थ कसे फुटले, याचा उलगडा कधीच होत नसे. या संकेतस्थळावर त्यांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. एस.टी.चा कंडक्टर ज्या चिमट्याने तिकिटाला भोक पाडत असे, तो पंच जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी ‘टोचणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. ‘पंक्चर’ आणि ‘पॉइंट’ हे त्याचेच भाऊबंद. ठोसाही याच कुळातला. बाहुल्यांच्या खेळातला पंच मात्र वेगळ्या घरचा आहे. नेपल्सच्या लोकनाट्यातील एका पात्राचे लांबलचक नाव इंग्लंडमध्ये आखूड होत गेले आणि त्याचा पंच झाला.

कोशाची खरी कसोटी लागते ती पेयाच्या नोंदीत. मद्य, पाणी, लिंबाचा रस, साखर आणि मसाला या पाच जिनसांमुळे हिंदी ‘पाँच’वरून हे नाव पडले, असे सतराव्या शतकापासून सांगितले जाते. ज्याने घरच्या पूजेत पंचामृत पाहिले आहे, त्या मराठी वाचकाला हे ऐकताक्षणी पटते आणि नेमके म्हणूनच येथे सावध राहावे लागते. हार्पर हे पारंपरिक मत देतात, पण त्यात अडचणी असल्याचेही लगेच नोंदवतात आणि पिंपाच्या एका जुन्या इंग्रजी नावाशी संबंध असण्याची शक्यता मोकळी ठेवतात. आकर्षक गोष्ट हाती असताना शंका न लपवणे, हा मला या कोशाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. या नोंदीतल्या ‘पाच’ अर्थाच्या मूळ धातूवर टिचकी मारली की ‘फाइव्ह’, ‘पेंटॅगॉन’ आणि ‘पंजाब’ एकाच पानावर भेटतात, ही सोयही फार उपयोगाची आहे.

उणीव अशी की, अडचणी कोणत्या, हे कळण्यासाठी वाचकाला ऑक्सफर्डच्या कोशाकडे जावे लागते. त्यांपैकी एक उच्चाराची आहे : त्या काळी इंग्रज हा शब्द ‘पुंच’च्या जवळचा उच्चारत, आणि ‘पाच’मधल्या ‘आ’चा असा ‘उ’ होणे सहज पटत नाही. भारतीय भाषांतला मूळ शब्द देवनागरीत दिसत नाही, हेही मला खटकते.

म्हणून माझा सल्ला असा की, भारताशी संबंध असलेल्या शब्दासाठी सोबत ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा कोश उघडावा. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तोही मोफत आहे. त्याने मराठी ‘पाच’चीही दखल घेतली आहे आणि जुने उतारे जसेच्या तसे दिले आहेत. 1638 मध्ये सुरतेस आलेला मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी या पेयात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर अशा चारच जिनसा मोजतो. पाच जिनसांचा खुलासा जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरचा आहे आणि तो 1670 च्या दशकातल्या गोव्याच्या वर्णनात, तिथल्या नेरूल गावच्या उत्तम अरकाबद्दल, म्हणजे देशी मद्याबद्दल, लिहिताना आला आहे. इंग्रजी लेखनात हा शब्द त्याच्या सुमारे चाळीस वर्षे आधीपासून आढळतो.