दांडिया बाजारातलं दातांचं क्लिनिक: फिलिंगच्या कडांकडेही लक्ष देणारं

बडोद्यात दातांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. तरी या क्लिनिकबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतंय. मी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत इंजेक्शनांची एंडोटॉक्सिन चाचणी करायची, म्हणजे त्यांत जिवाणूंच्या भिंतीतलं विष उरलंय का ते बघायची. त्या कामात लागायची ती काटेकोर शिस्त मला इथे दिसली.

माझ्या खालच्या दाढेत दुसरीकडे भरलेलं जुनं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग होतं. फटीत फ्लॉस घातला की दर वेळी त्याचे तंतू सुटायचे, हिरडीतून रक्त यायचं. डॉक्टरबाईंनी छोटा कॅमेरा दाढेशी धरून स्क्रीनवर दाखवलं: दात आणि फिलिंगच्या सांध्यावर तपकिरी रेघ, आणि हिरडीकडे फिलिंगचा ओघळ तसाच कडक झालेला. हत्याराचं टोक त्या कडेवरून नेलं की अडकायचं.

कॉम्पोझिट दिव्याखाली कडक होताना साधारण 2 ते 3 टक्के आकसतं. म्हणून ते सुमारे 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात. एकदम कोंबलं तर सांध्यात फट राहू शकते. त्या फटीत स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स शिरला की आम्ल तयार करून दात पोखरतोच, शिवाय त्याची एस्टरेज एन्झाइम्स रेझिनचे बंधही तोडतात. हिरडीच्या खाचेतले पॉर्फिरोमोनस जिंजिव्हालिससारखे ग्राम-निगेटिव्ह जिवाणू वेगळे. त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन जिवाणू मेल्यावरही उरतं, पृष्ठभागाला चिकटतं आणि हिरडी सुजत ठेवतं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, 121 अंशांना जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकतं. ते घालवायला आम्ही काचसामान 250 अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवायचो. तोंडात असलं काही करता येत नाही, म्हणून जिवाणूंचा थर साचायला जागाच राहू नये हे बघावं लागतं.

डॉक्टरबाईंनी नेमकं तेच केलं. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणायचा रबरी पडदा, लावून दाढ लाळेपासून वेगळी केली, जुनं सगळं काढलं, पट्टी आणि पाचर बसवून थराथरानं भरलं. मग पॉलिश. भरड चकतीपासून अगदी बारीक चकतीपर्यंत एकेक फिरवत गेल्या, मधेमधे पाण्यानं धुऊन फ्लॉस घालून बघत होत्या. पृष्ठभागाचा खरबरीतपणा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की जिवाणूंचा थर जास्त साचतो, हे त्यांना नुसतं ठाऊक नाही, त्यासाठी त्या वेळ देतात. आता फ्लॉस सरळ जातो आणि रक्त थांबलंय.

माझ्या जाऊबाईंचं रूट कॅनालही इथेच झालं. संसर्ग जुना होता, म्हणून आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून त्यांना पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. जाऊबाई वैतागल्या, "एकाच बैठकीत उरकत का नाही?" डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं: "काकू, आतून धुवायच्या हायपोक्लोराइटच्या द्रावणानं जिवाणू मरतात, पण त्यांचं विष त्यानं पुरतं जात नाही. ही पेस्ट फार अल्कधर्मी असते, ती ते विष मोडते." अगदी खरं आहे. पीएच 12 च्या आसपास असला की एंडोटॉक्सिनचा विषारी भाग असलेल्या लिपिड-एचे बंध तुटतात. पेशंटला इतकं सांगायची तसदी कोण घेतं! नंतर झिरकोनियाची कॅप चावताना उंच लागत होती, ती घासली आणि घासलेली जागा पुन्हा पॉलिश केली. वरचा चकचकीत थर (ग्लेझ) निघालेली खरबरीत जागा तशीच सोडली नाही, हे मला फार आवडलं.

तक्रारीही आहेत. वेळ घेऊन गेलं तरी बसावं लागतं, कारण आतलं काम घाईनं होत नाही. दुपारी फोन उचलत नाहीत. बिलावर नुसतं 'फिलिंग' लिहितात. कुठलं मटेरियल वापरलं तेही लिहायला हवं, पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर उपयोगी पडतं. मी मागून लिहून घेतलं, तुम्हीही घ्या. दर आसपासच्या मानाने जरा चढे आहेत, पण मला ते पटले.

संध्याकाळी न्यायमंदिराकडून येताना गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळची वेळ घ्या. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे बिनलेटेक्सचा रबर डॅम काढून ठेवतात.