व्हिक्टोरिया धबधबा : मुक्काम कोणत्या काठावर करावा?

झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरील व्हिक्टोरिया धबधब्याजवळ मुक्कामाची जागा निवडताना खोलीच्या सजावटीपेक्षा अंधार पडल्यावर तिथे परतायचे कसे, याचा विचार आधी करावा. झांबियातील लिव्हिंग्स्टन शहर धबधब्यापासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. झिम्बाब्वेतील व्हिक्टोरिया फॉल्स या गावातून मात्र दिवसा प्रवेशद्वारापर्यंत पायी जाता येते, म्हणून आम्ही तिथल्या एका लहान अतिथिगृहात उतरलो आणि ती निवड मला मनापासून पटली. रात्री या रस्त्यांवर हत्ती येतात, त्यामुळे जवळच्या हॉटेलातून जेवून येतानाही टॅक्सीच करा, असे रखवालदाराने बजावले होते आणि आमची गाडी फाटकाच्या आत येईपर्यंत तो टॉर्च घेऊन उभा असे. पलंगाची मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली असायची, ही गोष्ट हिवतापाच्या प्रदेशात फार मोलाची आहे; खिडकीची जाळी मात्र एका कोपऱ्यात सुटलेली होती आणि सांगूनही ती दुरुस्त झाली नाही. बबून माकडे खाण्याच्या वासाने खोलीत शिरतात, तेव्हा ही हयगय क्षुल्लक नव्हे. दोन्ही देशांना जोडणाऱ्या १९०५ सालच्या पुलावरून पलीकडे झांबियात जाऊन परतायचे असल्यास पुनःप्रवेशाची परवानगी देणारा व्हिसा आधीच घ्यावा.