एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट: गॅस कमी की फ्लॅप अडकला?

गाडीच्या एसीत डावीकडे गारवा आणि उजवीकडे कोमट हवा आली की गॅरेजवाला आधी म्हणतो, "गॅस भरून टाकू." बरेचदा तो बरोबरही असतो. गॅस कमी पडला की कूलिंग कॉइलचा काही भागच थंड होतो आणि त्याच्यासमोरच्या जाळीतूनच गार हवा येते. अशी गाडी सिग्नलला उभी राहिली की फरक वाढतो, वेग घेतला की कमी होतो. कंप्रेसरही सारखा चालू-बंद होतो.

फ्लॅपचं तसं नसतं. गार-गरम हवा मिसळणारा फ्लॅप किंवा त्याची छोटी मोटर अडकली, तर वेग कितीही असो, फरक तसाच राहतो. तापमान बदलताना डॅशबोर्डमागे टकटक ऐकू आली, तर बहुतेक मोटरचे दात गेलेत. मात्र दोन्ही बाजूंना वेगळा फ्लॅप ड्युअल झोन, म्हणजे डावं-उजवं तापमान वेगळं ठेवता येणाऱ्या, गाडीतच असतो. साध्या एसीत माझा संशय आधी गॅसवरच.

गॅस भरायचाच तर आधी गळती शोधून घ्या, कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूची, गॅस थंड करणारी जाळी) सांध्यांवर तेलकट डाग दिसतो का बघा. नंतर व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपांतली हवा खेचून काढून, बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजनाने भरायला सांगा. अंदाजाने जास्त भरला, तरी गारवा कमीच होतो.