औषधाआधी शी तपासणारा दवाखाना

चिंगी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, आम्हाला सापडली तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची होती. सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारीजवळ कुडकुडत बसली होती. हातपाय काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं. आई म्हणाली, "पोटभर खाल्लंय बघ कुठंतरी." दोन दिवस दूध-बिस्किटं दिली. तिसऱ्या दिवशी पातळ शी सुरू झाली. त्या रात्री मी सहा वेळा फरशी पुसली.

आधी जवळच एका ठिकाणी नेलं. तिथं नीट न बघताच इंजेक्शन टोचलं आणि "उद्या उपाशी ठेवा" म्हणून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीमध्ये रक्ताची रेघ दिसली आणि माझे हातपायच गळाले.

मग मैत्रिणीनं या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं विचारलं, "शी आणलीय का?" नव्हती आणली. तिथंच झाली, तिथंच घेतली. तोवर त्यांनी वजन केलं, १ किलो ६०० ग्रॅम. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू खाली बसली. "पाणी कमी झालंय अंगातलं." ओठ वर करून हिरड्या बघितल्या, फिकट होत्या. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूची टेस्ट दहा मिनिटांत झाली. पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे निगेटिव्ह. ती दहा मिनिटं माझ्या कायम लक्षात राहतील.

त्यानंतर त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. जाड कवचाची तपकिरी गोल अंडी. जंत! हे जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात आणि दुधातूनही, म्हणून दोन आठवड्यांच्या पिल्लालासुद्धा जंताचं औषध सुरू करतात, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. तो नगारा खाल्ल्याचा नव्हताच. आणि गाई-म्हशीच्या दुधानं जुलाब वाढले होते.

सलाईन कातडीखाली दिलं, खांद्यावर उंटासारखा फुगा आला, तो संध्याकाळपर्यंत जिरला. जंताचं औषध वजनावर मोजून दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायला सांगितलं. लंघनाला मात्र सक्त मनाई. एवढ्याशा पिल्लाची साखर उपाशी राहिल्यावर झपाट्यानं उतरते. बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेलं चिकन, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. दुसऱ्या दिवशी शीतून शेवयांसारखे जंत पडले. आईनं स्वतः बघितले आणि दुधाची वाटी उचलून ठेवली.

भाचा चार वर्षांचा आहे हे ऐकून मॅडमनी शी लगेच उचलायला आणि त्याचे हात साबणानं धुवायला बजावलं. ही अंडी माणसाच्याही पोटात जाऊ शकतात. घरात लहान मूल आहे का, हे आधीच्या ठिकाणी कुणी विचारलंही नव्हतं.

टेस्टचे ७०० आणि शी तपासणीचे १५० रुपये झाले, मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत. एक गोष्ट मात्र त्यांनी बदलायलाच हवी. बसायची जागा अरुंद आहे, उलट्या-जुलाबाची कुत्री आणि लस न झालेली पिल्लं शेजारी शेजारी बसतात. पिल्लू मांडीवरच ठेवा, फरशीवर सोडू नका. रविवारी दुपारनंतर बंद असतं.

पंधरा दिवसांनी चिंगी २ किलो ३०० ग्रॅम भरली. पोट बसलंय, हिरड्या गुलाबी झाल्यात, त्याच दिवशी पहिली लसही झाली. या वेळी शीची डबी मी घरूनच नेली होती.