पटाची जोडी घेताना कोणता आकडा धरावा?

शंकरपटासाठी, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी, जोडी घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला : "किती सेकंदाची हाय?" विकणारा पॉइंटसकट (एक पॉइंट म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग) आकडा सांगतो आणि सौदा तिथूनच वर चढतो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, त्यामुळे शंकरपटावरची टांगती तलवार गेली. आता पैसे घालणाऱ्याने आकड्याकडे जरा डोळसपणे बघावं. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या शर्यतीत हाच वाद फार जुना आहे, आणि तिथे मोजायच्या तीन रीती आहेत.

पहिली, नुसती घड्याळाची वेळ. समजायला सोपी, फसवायलाही सोपी. अमेरिकेतल्या १९७३ च्या प्रीकनेस शर्यतीत सेक्रेटेरिएट घोडा जिंकला. इलेक्ट्रॉनिक घड्याळाने १ मिनिट ५५ सेकंद दाखवले. मैदानावरच्या अधिकृत वेळ घेणाऱ्याच्या हातघड्याळात १:५४.४ होते, तर 'डेली रेसिंग फॉर्म' या शर्यतींच्या वृत्तपत्राच्या माणसांकडे १:५३.४. आधी मधला आकडा अधिकृत झाला. चित्रफिती तपासून १:५३ ही वेळ मान्य व्हायला २०१२ साल उजाडलं! एवढ्या मोठ्या मैदानावर दोन सेकंदांचा घोळ होतो, तर गावच्या पटावर दोन-चार पॉइंटांवरून छातीठोक दावा करणाऱ्याचं किती ऐकायचं?

दुसरी रीत स्पीड फिगरची, म्हणजे वेळ दुरुस्त करून काढलेल्या वेगाच्या आकड्याची. अँड्र्यू बेयर या अमेरिकी पत्रकाराने ती सत्तरच्या दशकात लोकांपुढे आणली. १९९२ पासून 'डेली रेसिंग फॉर्म' हे आकडे छापतो. यातली खरी मेख म्हणजे त्या दिवशीच्या जमिनीचा हिशेब. त्या दर्जाच्या घोड्यांना एरवी किती वेळ लागतो आणि आज सगळ्यांना मिळून किती लागला, हा फरक काढून प्रत्येकाची वेळ दुरुस्त करतात. आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. काळी जमीन सकाळी दवाने ओलसर, दुपारी भुगा झालेली. एका गावची धावपट्टी रोलर फिरवून टणक केलेली, दुसऱ्या गावची पोकळ. समजा एका पटावर जोडीने ७.२० सेकंद घेतले आणि त्या दिवशी नावाजलेल्या जोड्यांनाही सातच्या आत येता आलं नाही. दुसऱ्या गावी दुसरी जोडी ६.९० मध्ये आली, पण तिथे निम्म्या जोड्या साडेसहाच्या आत होत्या. मी तरी ७.२० वालीच घेईन.

तिसरी रीत हँडिकॅपरच्या, म्हणजे घोड्यांची ताकद जोखून वजन ठरवणाऱ्याच्या, रेटिंगची. इथे घड्याळ दुय्यम. कुणाला हरवलं, किती अंतराने आणि पाठीवर किती वजन घेऊन, हे बघतात. ब्रिटनमध्ये रेटिंगचा एक गुण म्हणजे एक पौंड वजन. गवतावरच्या शर्यती सुरुवातीला संथ चालून शेवटी पेटतात, तिथे एकूण वेळ काहीच सांगत नाही, म्हणून ही रीत टिकली. मात्र एका तराजूचा आकडा दुसऱ्या तराजूवर चालत नाही. फ्रँकेल या घोड्याला टाइमफॉर्म या ब्रिटिश रेटिंग संस्थेने १४७ दिले, जागतिक क्रमवारीत तोच १४० वर. फ्लाइटलाइन या घोड्याला २०२२ च्या पॅसिफिक क्लासिक शर्यतीसाठी बेयर फिगर १२६ मिळाला, जागतिक रेटिंग मात्र १४०. घोडा एकच.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जोडीला जोडी लावून पळवतात, तिथे ही तिसरी रीत आपसूक जमते : कोणाला मागे टाकलं ते विचारा. जिथे जोडी फक्त घड्याळावर पळते, त्या सेकंदाच्या पटाला दुसरी रीत बरी. वजनाचा हिशेब मात्र दोन्हीकडे राहून जातो, कारण धुरकऱ्याचं, म्हणजे जोडी हाकणाऱ्याचं, वजन कोण लिहून ठेवतो? हलका धुरकरी बसवून काढलेली वेळ तुमच्या घरच्या धुरकऱ्याला लागू पडेलच असं नाही.

टप्प्याटप्प्याच्या वेळा घोड्याला उपयोगी. सेक्रेटेरिएटने १९७३ च्या केंटकी डर्बीत दर पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात काढला, २५.२ पासून २३ सेकंदांपर्यंत. पटाची धाव काही सेकंदांतच आटोपते, तिथे एवढं खोलात जायची गरज नाही.

सौद्याआधी एवढं करा. विकणाऱ्याकडून एक नव्हे, तीन-चार पटांच्या वेळा घ्या आणि प्रत्येक वेळेपुढे त्याच दिवशीच्या पहिल्या पाच जोड्यांच्या वेळा लिहा. सुरुवात आणि शेवट एकाच चौकटीत दिसणारा व्हिडिओ असेल तर मागून घ्या. साध्या मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रं निघतात, म्हणजे एका चित्राला साधारण तीन पॉइंट. ती मोजली की घड्याळ खरं की खोटं ते कळतं. व्हिडिओ द्यायला कुरकुर करत असेल, तर बयाना खिशातच ठेवा.