लक्षणं टिपायची कशी: छापील तक्ता की मोकळी नोंद?

नवा दवाखाना थाटताना केसपेपर छापायला टाकण्याआधी हे ठरवावं लागतं. पेशंटच्या तक्रारी डोक्यापासून पायापर्यंत, श्वसन, पचन, मूत्रमार्ग अशा छापील रकान्यांत टिपायच्या, की कोऱ्या कागदावर त्याच्याच शब्दांत?

तक्त्याचा फायदा खरा आहे. तीन आठवडे खोकणाऱ्याला ‘वजन घटलं का, रात्री घाम येतो का’ हे गर्दीच्या वेळी विचारायचं राहतं आणि टीबी हातातून निसटतो. शिवाय ‘नाही’चीही नोंद होते. धाप नाही, पायावर सूज नाही, हे लिहिलेलं असलं की पुढच्या डॉक्टरचं काम सोपं होतं.

पण हात एकदा चालू लागला की सगळीकडे ‘नाही’वर टिक करत सुटतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या नोंदींसाठीच्या १९९५ आणि १९९७च्या नियमांत तक्रारी विचारायला शरीराच्या १४ संस्था (श्वसन, पचन अशा) मोजलेल्या होत्या. सर्वांत सविस्तर नोंदीसाठी किमान १० लागत, आणि बिलाची पातळी ठरताना हे धरलं जाई. २०२१पासून ओपीडीच्या बिलातून ही मोजणी गेली. आपल्या दवाखान्यात बिलाचं हे गणित कधी नव्हतंच; मग तिकडचा तो तक्ता जसाच्या तसा कशाला उचलायचा?

मोकळ्या नोंदीत माणूस सापडतो. माझ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, “डॉक्टर, जीव घाबरा होतो.” हे कुठल्या रकान्यात घालणार? हृदय, मन की थायरॉइड? कधी होतं विचारलं, तर “पहाटे. चहा-बिस्कीट घेतलं की थांबतं.” रात्रीच्या गोळीने साखर उतरत होती. तक्त्यावर ‘धडधड: हो’ एवढंच उरलं असतं.

तिसरा पर्याय म्हणजे बाहेर बाकावरच भरून घ्यायचा फॉर्म. वेळ वाचतो, पण पाळीबद्दल चारचौघांत कोण खरं लिहील? एकाने “उन्हाळी लागलीय” सांगितलं, तर आमच्या मदतनीस मुलीने ‘उष्णतेचा त्रास’ लिहून ठेवलं. लघवीची जळजळ मला आत कळली.

मी स्वतः वरच्या अर्ध्या पानावर पेशंटचं वाक्य लिहितो आणि खाली त्या तक्रारीशी जुळणारे पाच-सहाच प्रश्न. पूर्ण तक्ता काढतो तो लांबलेला ताप, विनाकारण घटलेलं वजन किंवा ऑपरेशनआधीच्या फिटनेससाठी. न विचारलेला रकाना कोराच सोडतो.